मनोहरभाऊंचं अस्वल

रायपूरच्या आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातली पोरं मनोहरभाऊ दिसले की नमस्कार करत नाहीत. प्रसाद घ्यायला करावेत तसे दोन्ही हात पुढे करतात, आणि भाऊ वाकून ते हुंगतात. पंक्चरच्या सोलूशनचा वास येतो का, हे बघतात. नाही आला की, "हव, जा खेळ." एकदा माझ्या नातीच्या, चिंकीच्या बोटांना नेलपॉलिशचा वास आला, तर हा माणूस भरदुपारी तिला दंडाला धरून माझ्या दारात! "वैनी, पोट्टीकडे लक्ष हाय का तुमचं?" असा संताप आला म्हणून सांगू!

पण बोलणार काय? भाऊंचा एकुलता एक नितीन सोलूशन हुंगण्यापासूनच सुरू झाला, मग गोळ्यांवर गेला. नव्या रायपुराकडच्या व्यसनमुक्ती केंद्रात होता, हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक. आधी एकदा बरा होऊन आला, तर परत न्यावं लागलं होतं. नितीनची आई तर कधीचीच गेलेली. घरात भाऊ एकटेच.

रेल्वेतून रिटायर झालेले भाऊ दर रविवारी ओसरीत पोरं जमवून कार्टून दाखवायचे. कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेननं काढलेली चित्रं, एकेक पान उलटायचे आणि आवाजही स्वतःच काढायचे. एक शहाणा ससा आणि एक गोळ्या खाऊन झिंगणारं अस्वल. पोरांनी भ्यावं, हा हेतू. झालं भलतंच! अस्वल इतकं गोड उतरलं की सशाकडे कोणी ढुंकून पाहीना. चिंकी घरभर "मैं भालू, मैं भालू" करत झिंगायला लागली.

तरातरा गेले मी. "भाऊ, काय करून राहिले हे? पोट्टे अस्वलच होऊन राहिले ना! त्याला भेसूर करा जरा. डोळे लाल करा, दात काढा."

भाऊ स्केचपेनचं टोपण काढत-लावत बसले. "लय करून पाहिलं वैनी. हातच उठत नाही."

मी चित्राकडे पाहिलं. अस्वलाच्या कपाळावर डावीकडे झुकलेली केसांची बट होती. हुबेहूब नितीनची. मी घरी आले.

पुढे अस्वल जंगलात हरवलं आणि गोष्ट तिथंच अडून बसली. पोरं दर रविवारी विचारायची, "दादाजी, भालू घर आएगा कि नहीं?" भाऊ "पाहू, पाहू" म्हणत कॅलेंडर गुंडाळायचे.

गेल्या रविवारी पोरं ओसरीत बसलेली असतानाच फाटकाशी ऑटो थांबला. नितीन उतरला. पार वाळलेला, हातात पिशवी. केंद्रातून सुटून आला होता. आता हा टिकतो की पुन्हा तेच, असं माझ्या मनात आलं. भाऊंचा चेहरा तर पाहवेना. आणि आमची चिंकी केवढ्यानं ओरडावी? "भैया, पहले हाथ दिखाओ!"

अशी लाज वाटली मला! तिच्या तोंडावर हात ठेवणार, तोवर नितीननं पिशवी खाली ठेवली आणि खरंच दोन्ही हात पुढे केले. मान खाली.

भाऊ उठून जवळ गेले. त्याचे हात धरले, पण हुंगले नाहीत. त्यांत स्केचपेन ठेवलं.

"बस इथं. अस्वल घरी कसं येते, मले काढता येत नाही. तू काढ."

पोरं सरकली. नितीन बसला, पण त्याच्या वाळलेल्या बोटांना टोपण निघेना. भाऊंनी ते काढून दिलं.