पेन्सिल शिरली की उंदीर शिरला

शेजारचे मगरेकाका आमच्या घरी आले की लगेच खुर्चीवर टेकत नाहीत. चपला बाहेर काढतात, कानावरची पेन्सिल हातात घेतात, उंबऱ्यापाशी उकिडवे होतात आणि पेन्सिल दाराच्या फळीखालून आत सारून बघतात. ती पलीकडे निघाली की मान वर करून म्हणतात, "शिरती." शब्द एवढाच, पण तोंड असं करतात, जसं काही डॉक्टरनं आपला एक्स-रे उजेडात धरलाय आणि तो काहीच बोलत नाहीये.

त्यांचा हिशेब साधा आहे. "मॅडम, पेन्सिल शिरली की पिल्लू शिरतं. पिल्लू शिरलं की त्याचं समदं खानदान शिरतं. मंग ते मालक आन् आपण भाडेकरू." वयानं ते माझ्या वडिलांएवढे, पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते म्हणून मला मॅडमच म्हणतात.

माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले होते तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, चहा झाला, बोलणी जरा रंगात आली, एवढ्यात काका आले. सरळ मुलाच्या वडिलांपुढे वाकले. त्यांना वाटलं, म्हातारा माणूस पाया पडतोय, म्हणून ते बिचारे गडबडीनं उठायला लागले. काका म्हणाले, "बसा बसा, पाव्हणे. फकस्त पाय वर घ्या जरा." आणि खुर्चीमागच्या फटीत पेन्सिल घालून म्हणाले, "शिरती." लग्न जमलं, नणंद सुखात आहे. तिचे सासरे मात्र अजून आमच्याकडे आले की मांडी घालूनच खुर्चीवर बसतात.

आमची नदीगल्ली म्हणजे तीर्थपुरीहून थोडं पुढे, गोदावरीच्या काठावरची सात जुनी घरं. खाली दगड, वर माती-विटा, आणि दोन घरांत मिळून एक भिंत. प्रत्येकाचं मागचं दार नदीच्या पायऱ्यांवर उघडतं. पुण्याचे पाहुणे त्या दारात उभे राहून फोटो काढतात आणि आम्ही किती नशीबवान आहोत ते आम्हाला सांगतात. उंदरांचंही तेच मत आहे. काठाच्या मातीत त्यांची बिळं. उन्हाळ्यात ते खाली राहतात, पाणी चढलं की वर आमच्याकडे राहायला येतात. त्यातल्या घुशी तर मांजराकडे बघून रस्ता बदलत नाहीत, मांजरच बदलतं.

काका सरकारी धान्याच्या वखारीत चौकीदार होते. सगळी नोकरी पोत्यांच्या थप्प्यांत आणि उंदरांच्या मागे गेली. "साहेब किती बदलले ध्यानात न्हाई," ते सांगतात, "उंदीर एक बी बदलला न्हाई." विषाच्या ते कट्टर विरोधात. विष खाल्लेला उंदीर भिंतीत जाऊन मरतो आणि मग आठ दिवस घर कुणाचं ते वासावरून ठरतं. "मारायचं न्हाई. येऊच द्यायचं न्हाई." त्यासाठी बिळात आधी भांडी घासायची तारेची घासणी कोंबायची, मग फुटक्या काचा, मग सिमेंट. दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी. मोरीच्या तोंडाला जाळी. आणि संध्याकाळी भिंतीच्या कडेकडेनं रांगोळीची पांढरी भुकटी पसरायची. सकाळी तिच्यात पावलं वाचायची. चिचुंद्री कुठली, पिल्लू कुठलं, घूस कुठली, हे ते आम्ही वर्तमानपत्र वाचतो तसं वाचतात. नवीन माणसाला मात्र वाटतं, एकटा म्हातारा, बायको वारलेली, आणि घरात रोज रांगोळी घालतो, म्हणजे याचं काही खरं नाही.

बायकोला जाऊन आठ वर्षं झाली. एकच मुलगी, प्रज्ञा. ती बदनापूरला दिली आहे.

यंदा आषाढात प्रज्ञाला सातवा महिना लागला आणि तिची सासू, म्हणजे काकांच्या विहीणबाई, बोलणी करायला आल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. काकांनी माझ्याकडून स्वयंपाक करून घेतला होता. मीच वाढत होते. विहीणबाईंनी पहिला घास घेतला आणि पिठाच्या डब्यामागून एक उंदीर निघाला. घाईत नव्हता. ताटासमोरून गेला आणि खाटेखाली दिसेनासा झाला. बाई चांगल्या, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाल्या, "दादा, घरात उंदरं लई दिसतात. लेकराचं कसं व्हईल? पोळा झाला की मी येऊन बघते, मंग ठरवू."

काकांनी "बराबर हाय" म्हटलं, पण त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. लेक माहेरी येणार की नाही, हे आता एका पेन्सिलीच्या जाडीवर येऊन ठेपलं होतं.

तोवर आम्ही त्यांची चेष्टा करत होतो. आता चेष्टा करायचा धीर होईना. तीर्थपुरीच्या बाजारातून त्यांनी पिशवीभर तारेच्या घासण्या आणल्या. दुकानदारानं विचारलं, "काका, हाटेल टाकलं का?" काका म्हणाले, "न्हाई, बाळंतीण येऊन राह्यली." त्या दुकानदाराला ते अजून उमगलेलं नाही. भिंतीवरची बुद्धाची तसबीर उतरवून तिच्या मागची फट बुजवली. माळा रिकामा केला. खाटेचे पाय पत्र्याच्या डब्यांत ठेवले. भेटले की आकाशाबद्दल, पिकाबद्दल बोलायचे नाहीत. "आज भुकटी साफ व्हती," एवढंच सांगायचे, आणि मला ते मुलाचा ताप उतरल्यासारखं वाटायचं.

एक दिवस ते माझ्याकडे आले. हातात मापानं कापलेली जाळी आणि कागदाच्या पुडीत चार स्क्रू. "मॅडम, माझ्याकून समदं झालं. तुमची मोरी तेवढी राह्यली. भिंत आपली एकच हाय. तुमच्याकडं शिरला की रातीतून भिंत पोखरून माझ्याकडं येतो. मी बसवून देऊ का?"

मी म्हटलं, "राहू द्या काका, आम्ही बसवतो." माझी शाळेची ऑनलाइन माहिती भरायची होती, घरात पसारा होता, आणि खरं सांगायचं तर त्यांनी माझ्या मोरीत डोकं घालावं याची मला लाज वाटली. जाळी मी फ्रिजवर ठेवली. तिच्यावर वह्यांचा गठ्ठा आला. आठवड्यानं काकांनी विचारलं, "बसवली का जाळी?" मी तव्यावरची भाकरी उलटत होते. म्हटलं, "बसवली." वर्गात पोरं गृहपाठ न करता "केला" म्हणतात तेव्हा मी त्यांच्या कानाला धरते. माझ्या कानाला धरणारं तिथं कुणी नव्हतं.

पोळा चार दिवसांवर आला आणि वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा निरोप सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. गोदावरी एकेक पायरी चढू लागली. काका मागच्या दारात उभे राहून पायऱ्या मोजायचे. "नऊ उघड्या हायेत. आता सात. मॅडम, आता ते निघाले असतील." कोण, ते विचारायची गरज नव्हती. काठाची बिळं बुडत होती. आमच्या स्वयंपाकघरात मला खुडबुड ऐकू आली तेव्हा मी रेडिओ मोठा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या भुकटीत पावलं होती.

त्यांनी घर उलटंपालटं केलं. चुलीमागचा पत्रा काढला, परत बसवला. चौकटीची पट्टी काढली, परत बसवली. तीन दिवस रोज पावलं, आणि रोज त्यांची नवी शोधाशोध. माझ्या बाजूच्या भिंतीपाशी ते गेलेच नाहीत. का जातील? मी "बसवली" म्हटलं होतं. त्या माणसानं आपली पेन्सिल, आपले डोळे, आपला हात, सगळ्यांवर शंका घेतली. माझ्या शब्दावर घेतली नाही. मी तीन दिवस त्यांची नजर चुकवत शाळेत लवकर जात होते.

पोळ्यानंतरच्या रविवारी विहीणबाई येणार होत्या. शनिवारी दुपारी शाळेतून आले तर काका आमच्या ओट्यावर बसलेले. हातात फोन. पेन्सिल कानावर तशीच होती, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"मॅडम, माझ्याकून व्हत न्हाई," ते म्हणाले. "लई झिजलो वखारीत, आता नजर गेली. कुठून येतो तेच दिसंना. पोरीच्या लेकराला काही झालं तर? मी विहीणबाईला फोन लावून राह्यलो. म्हणतो, येऊच नका. तिकडंच ठेवा तिला."

त्यांचा अंगठा फोनवर होता. मी म्हटलं, "काका, थांबा. मी जाळी बसवलीच नाही. खोटं बोलले मी तुमच्याशी."

मला वाटलं, आता बोलतील, आणि त्यांनी बोलावंच. चार शिव्या मिळाल्या असत्या तर मी त्या गोड मानून घेतल्या असत्या.

"म्हंजे," काका सावकाश म्हणाले, "तुमच्याकून येत व्हता?"

"हो."

"मंग माझं घर बिलकुल बराबर हाय!" आणि ते चक्क हसले. आठवडाभरानं मी त्यांचे दात बघितले. फोन खिशात टाकून उठले. "कुठं ठेवली जाळी? चला जल्दी." फ्रिजवरचे वह्यांचे गठ्ठे मी उतरवले आणि माझ्या मोरीत त्यांनी डोकं घातलं. मी बॅटरी धरून उभी राहिले. लाज जायची ती गेलीच, पण मोकळं वाटलं. मग त्यांनी भिंतीतलं भोक बुजवलं, दोन पिंजरे लावून आत अडकलेले दोन्ही उंदीर धरले आणि सायकलीवर बसून लांब माळावर सोडून आले.

रविवारी सकाळी भुकटी साफ होती. एक मुंगीसुद्धा चालून गेली नव्हती. विहीणबाई अकराला आल्या. डब्यांची झाकणं उघडली, खाटेखाली वाकून बघितलं, मोरीची जाळी हलवून पाहिली. काका त्यांच्या मागे दोन पावलं, तपासणीला आलेल्या साहेबाच्या मागे चालावं तसे. शेवटी बाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, घर लई चांगलं केलं. मानलं तुम्हाला."

काकांनी श्वास सोडला. मीही सोडला.

"पण," बाई म्हणाल्या, "लेकराला न्हाऊ कोण घालणार? बाळंतिणीला तेल, शेक, खाणंपिणं? बाईमाणूस न्हाई घरात."

त्या टोचून बोलल्या नव्हत्या. विचारणारच कुणीही. एरवी कुठल्याही भोकाला ज्या काकांकडे इलाज, त्यांच्या हातांना आता कुठं जावं ते कळेना. ते गुडघ्यावरच्या कापडाची सुरकुती सारखी करत बसले.

"मी घालीन," मी म्हटलं. "माझी दोन मोठी झालीत, मला सवय आहे. शाळेआधी सकाळी आणि परत आल्यावर."

बाईंनी मला वरखाली बघितलं. "तुम्ही नोकरीवाल्या. आज हो म्हणसाल."

माझ्या 'हो'ची किंमत त्या खोलीत एका माणसाला नक्की माहीत होती. मी काकांकडे बघितलं नाही. पण काका ठामपणे म्हणाले, "मॅडम बोलल्या म्हंजे करतील."

माझे डोळे भरून आले. मी चहा ठेवायच्या निमित्तानं उठले. चहा पिऊन विहीणबाई म्हणाल्या, "मंग पंधरा दिवसांत आणून सोडते." त्या रिक्षात बसून दिसेनाशा होईपर्यंत काका रस्त्यात उभे होते.

मग आमच्या ओट्यावर येऊन बसले. गल्लीच्या टोकाला नदी दिसत होती. पाणी उतरायला लागलं होतं.

"त्या दिवशी बाई उंदरांचं बोलल्या ना," ते म्हणाले, "तवा मला बरंच वाटलं व्हतं, मॅडम. म्हटलं, ह्याला इलाज हाय. हे आपल्याला येतं. मला भ्या व्हतं, पोरीला आई न्हाई म्हणतील. मंग मी काय बुजवलं असतं?"

मी दोन कप चहा आणून त्यांच्याशेजारी बसले.

ते खाकरले. "एक विचारू का? हसू नका. लेकराला धरायचं कसं? परज्ञा झाली तवा माझी रातपाळी. दिवसा आलो की तिची आई म्हणायची, पोत्याच्या धुळीचे हात हायेत, लांबून बघा. मंग ती मोठीच झाली."

मी आतून एक लहान गोधडी आणली, गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. मग दोन्ही हात ताठ पुढे करून ती घेतली. मी म्हटलं, "असं नाही. छातीशी धरा. मानेखाली हात ठेवा, मान सांभाळायची." त्यांनी कोपर वळवलं, हनुवटी खाली आणली आणि श्वास रोखून बसले. ओट्यासमोरून माणसं जात होती, बघत होती, हसत होती. एकानं विचारलंसुद्धा, "काका, काय धरून बसलात?"

काकांनी मान हलवून त्याला हळू बोल असं खुणावलं.

माझा चहा संपला, त्यांचा गार झाला. मी म्हटलं, "काका, ठेवा आता खाली." ते म्हणाले, "राहू द्या थोडं," आणि गोधडीवरचा हात आणखी जरा वर, मानेपाशी सरकवला.