पामाची आंघोळ

नोबुएच्या घराचे दक्षिणेकडचे पडदे वर्षभर बंद असत. कारण तिच्या नवऱ्याचा, इवाओचा, कुंडीतला पाम. त्याला सावली लागते, म्हणून नोबुएने भर दुपारी दिवा लावून भाजी चिरायची. सकाळी पाम वळचणीखाली हवा खायला बसे आणि साकुराजिमा ज्वालामुखीने राख उडवली की तिने त्याला उचलून आत आणायचं. थोरल्या बहिणीबरोबर इबुसुकीला जाऊन गरम वाळूत पडून राहायचा तिचा बेत यापायी तीनदा मोडला होता.

"तू गेलीस आणि राख पडली तर झाड आत कोण घेणार?" इवाओ विचारी. "मी तर कामावर."

हाच इवाओ या शनिवारी शाळासोबत्यांबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेला. निघताना पामाला "येतो" म्हणाला. बायकोला म्हणाला, "पानं जप."

दुपारी डोंगर खोकला. नोबुए धावली, पण तोवर पाम राखेने माखला होता. कोरडं पुसावं तर पानांवर ओरखडे, आणि इवाओ तो ज्यात मांडणार होता ते झाडांचं प्रदर्शन पुढच्या रविवारी. तिने कुंडी ओढत न्हाणीघरात नेली, शॉवर सोडला, पाण्याखाली हात धरून पाहिला. गार होतं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला.

"राख पडली म्हणे. आत घेतलास ना?"

"घेतला. धुतेय."

"हलक्या धारेने हं. आणि मुळांशी पाणी साचू देऊ नकोस. अगं, ऐकतेस ना?"

मुळं, माती, खत, इवाओने सगळा पाठ म्हटला. नोबुए हं हं करत राहिली. परत आली तर न्हाणीघरात वाफ कोंदलेली. गीझरने आपलं काम चोख केलं होतं आणि रोजच्या आंघोळीचं कढत पाणी पामावर कोसळत होतं. पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती.

तिने नळ बंद केला. आता इबुसुकी विसरायचं. घरात असून ही तऱ्हा, असं जन्मभर ऐकावं लागणार होतं.

मग तिला शेजारचे अरिमुरा आठवले. त्यांच्याकडे याच जातीचा, एवढाच पाम होता. रिकाम्या हाती कसं जायचं? बहिणीसाठी आणलेला कारुकान मिठाईचा डबा तिने उचलला.

"भाऊजी, तुमचा पाम द्याल का?" तिने सगळं सांगून टाकलं.

अरिमुरांनी डबा दोन्ही हातांनी परत पुढे केला. "हा न्या, वहिनी. आणि झाडही न्या. ते तुमचंच आहे."

"म्हणजे?"

"दोन वर्षांपूर्वी तुम्ही माहेरी गेलात, तेव्हा इवाओसान शोचू पिऊन झाडासकट अंगणात झोपले. झाड उन्हानं करपलं. बायकोला कळलं तर माझी धडगत नाही म्हणाले, मग मी माझं दिलं. तुमचं हे करपलेलं मागच्या पडवीत सावलीला ठेवून हळूहळू सावरलं."

"मग मी उकडलं ते?"

"ते माझं," अरिमुरा म्हणाले आणि त्यांचीच चूक असल्यासारखे वाकले.

"दोन वर्षं परत मागितलं नाहीत?"

"शेजाऱ्याकडे मागायचं कसं, वहिनी?"

रविवारी संध्याकाळी इवाओ बूट काढून थेट पामापाशी गेला. खूश झाला, खाली वाकला आणि तसाच राहिला. त्याच्या करपलेल्या जुन्या झाडाचं एक खोड डावीकडे कललेलं होतं. याचंही होतं.

"अरिमुराकडे गेली होतीस?" त्याने वळून न बघता विचारलं.

"हो, कारुकान द्यायला. उन्हाचं फार जपावं लागतं म्हणाले."

इवाओ चहाला येऊन बसला. नोबुएने चहा ओतला.

"पुढच्या महिन्यात मी ताईबरोबर इबुसुकीला जातेय. तीन दिवस."

"आणि राख..." सवयीने तो सुरू झाला आणि थांबला. "चार दिवस जा."

"जाईन. त्याआधी भाऊजींसाठी एक चांगला पाम शोधून आणा."

"का? त्याचा कुठाय?"

"न्हाणीघरात," नोबुए म्हणाली. "तुम्ही फोनवर झाड कसं जपायचं ते शिकवत होतात ना, तेव्हा त्याची आंघोळ चालली होती."