फुटाला एक सूत

नळाला पाणी कधी येणार, याबद्दल आपण शेजाऱ्याशी उभ्या उभ्या बोलतो आहोत, आणि बोलता बोलता तो खाली वाकून आपल्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजायला लागला, तर आपण चिडायचं की नाही? मी चिडलो. तेव्हाही चिडलो आणि आज आठवलं तरी चिडतो. मल्लाप्पाण्णांना मात्र त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी आकडा तोंडातल्या तोंडात पुटपुटला, पट्टी परत शर्टाच्या आत पाठीवर खोचली आणि पाणी तासभर उशिरा येणार असं सांगून ते निघून गेले.

मल्लाप्पाण्णा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी हुबेहूब लाकडात करायचा, हे त्यांचं काम. मूळचे निपाणीकडचे, घरात कानडी आणि बाहेर आमच्यासारखंच. बायको लवकर वारली, मूलबाळ नाही. बोळाच्या आतल्या टोकाला त्यांचं घर, तोंडाशी माझं. मी कांबळे मास्तर, हायस्कुलात भूगोल शिकवायचो.

आता त्या पट्टीबद्दल सांगायला हवं. तापलेलं लोखंड ओतलं की थंड होताना ते आकसतं. म्हणून लाकडी पॅटर्न मुळातच जरा मोठा करतात. दर वेळी हिशेब नको म्हणून या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा एक फूट आपल्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा असतो. दिसायला साधी पट्टी, पण कापडाच्या दुकानात ती चालायची नाही. आण्णांनी पंचवीस वर्षं ती पट्टी वापरली आणि मग त्यांचं सगळं आयुष्यच तिच्या मापानं चालायला लागलं. विजार चार बोटं लांब शिवायचे. बोळात कुणाचं लग्न निघालं की आचाऱ्याला आपणहून सांगून यायचे, "जरा वाढीव ठेवायचं. गार झालं की आकसतंय." माझ्या दहावीच्या वर्गाबद्दलसुद्धा त्यांचा सल्ला होता. पोरांच्याकडनं नव्वद टक्क्यांची तयारी करून घ्यायची, गार झाल्यावर साठ येतात. मला राग याचा यायचा की साठच यायचे.

जीप आली चौऱ्याण्णव साली. मिलिटरीच्या लिलावातली. छप्पर नाही, एक दार नाही, इंजिन होतं ते असून नसल्यासारखं. ट्रॅक्टरला बांधून बोळाच्या तोंडापर्यंत आणली आणि पुढं माणसांनी ढकलत आत नेली. ढकलायला मीही होतो, हा माझा पहिला मूर्खपणा. दुसरा त्याच संध्याकाळी झाला. आण्णांनी विचारलं, असली गाडी घेऊन माणसानं जावं तरी कुठं? भूगोलाच्या मास्तरला असं विचारल्यावर तो गप्प बसेल का? मी खिशातला खडू काढला आणि त्यांच्या अंगणातल्या फरशीवर नकाशा काढला. पुणे, नाशिक, इंदूर, दिल्ली, मनाली, वर रोहतांगची खिंड आणि पार लेह. खिंड उन्हाळ्यातच उघडी असते, वाटेत पंप नसतो, नाले पाण्यातूनच ओलांडावे लागतात, वेळ आली तर गाडीतच झोपावं लागतं. वर्गात शिकवत होतो ते सगळं एका दमात सांगितलं.

"मास्तर, तुम्ही बघितलंय व्हय हे सगळं?" त्यांनी विचारलं.

पुण्याच्या पुढं मी गेलो नव्हतो. तसं सांगितलं.

"मग चला की."

मी हात झटकून उठलो. म्हटलं, जीपमध्ये माझे पाय लोंबकळतात, कंबर धरते, आणि मला शाळा आहे. रिटायर झाल्यावर बघू. असं आपण कुणालाही म्हणतो.

त्यानंतर त्या गाडीनं अकरा वर्षं माझं डोकं खाल्लं. जगात माणसं गाडी घेतात आणि तिच्यात बसून कुठंतरी जातात. आण्णा कुठं जात नव्हते, नुसती गाडी सुधारत होते. आधी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. त्याचा सगळा धूर माझ्या घरात. मग दगडधोंड्यांतून जायला मोठे टायर आणले. टायर अंगाला घासायला लागले म्हणून स्प्रिंगचे पाटे वाढवून गाडी उंच केली. उंच झाल्यावर चढता येईना म्हणून पायरी केली, तीही स्वतः पॅटर्न करून फौंड्रीत ओतून घेतली. डिझेलची जादा टाकी, पाण्याची टाकी, मागं कॅरियर. दर खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार घालायचे, बोळभर पेढे वाटायचे आणि सांगायचे, आता एवढं एकच काम राहिलंय. हे अकरा वेळा ऐकलं मी, आणि पेढेही अकरा वेळा खाल्ले.

एका वर्षी पुढच्या बंपरवर विंच आली. गाडी चिखलात रुतली की त्या यंत्राचा दोर झाडाला बांधायचा, मग यंत्र दोर गुंडाळतं आणि गाडी झाडाकडं सरकते. कल्पना चांगली आहे. पण चाचणीसाठी त्यांनी झाड निवडलं ते माझ्या परसातला शेवगा, आणि गाडीचा हँडब्रेक काढायला विसरले. गाडी जागची हलली नाही. शेवगा गाडीकडं आला. मी शाळेतून परत येतो तो झाड बोळात आडवं, आणि आण्णा मुळं निरखत बसलेले. मुळं वरवरचीच होती म्हणाले. म्हणजे चूक शेवग्याची. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी फांदी आणून लावली, रोज पाणी घातलं, हे खरं आहे. पण म्हणून काय झालं?

मग इंजिनाला हवा देणारा पाइप पुढच्या काचेच्याही वर नेला, नाला ओलांडताना इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून. आता बोळात नाला कुठून आणायचा? त्यांनी भर पावसात गटाराचं तोंड पोत्यांनी बंद केलं. बोळ गुडघाभर भरला आणि माझं घर उताराला. मी सहामाहीचे पेपर डोक्यावर धरून स्वयंपाकघरात उभा होतो आणि आण्णा खिडकीतून आनंदानं सांगत होते, "मास्तर, बंद पडलं न्हाय."

मी सात अर्ज लिहिले. 'अत्यंत उपद्रवी वाहन' हे शब्द माझेच. अर्जाला रहिवाशांच्या सह्या लागतात. सातही अर्जांवर पहिली सही मल्लाप्पाण्णांची आहे. दोनदा वाचून, भारी लिवलंय म्हणून त्यांनी ती केली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? घरातही मला आधार नव्हता. माझी बायको शालन दर रविवारी त्यांना भाकरी आणि पिठलं पाठवायची, आणि मी ओरडलो तर म्हणायची, एकटं माणूस आहे, काहीतरी ठोकत बसलंय तर बसू दे.

दोन हजार साली मी घराला कंपाउंडची भिंत बांधली. माझी भिंत आणि समोरचा विजेचा खांब यांच्यामध्ये बोळाचं तोंड उरलं सहा फूट चार सूत. हे माप आण्णांनी माझ्याकडून टेप मागून नेऊन घेतलं, कारण त्यांची पट्टी दोनच फुटांची. आणि मग त्या मापात बसेल एवढी रुंद, बरोबर सहा फुटांची केबिन त्यांनी गाडीवर बांधायला घेतली. लाकडी सांगाडा, वर पत्रा, मागं दोन माणसांची झोपायची सोय. एकट्या माणसाला दोघांची सोय कशाला, असं मी विचारलं. उत्तर ठरलेलंच होतं, जरा वाढीव ठेवायचं.

दोन हजार पाचच्या मे महिनाअखेर मी रिटायर झालो. शाल, नारळ, भाषणं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात धरला आणि आता करायचं काय, या विचारात बसलो होतो, तोच बोळात हॉर्न वाजला. अकरा वर्षांत पहिल्यांदा गाडी जागची हलली होती. सगळा बोळ दारात. आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आत बसलेले, टपावर सामान बांधलेलं. गाडी माझ्या दारापर्यंत आली, खर्रकन् आवाज झाला आणि थांबली. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला माझी भिंत, आणि मध्ये गाडी पाचरीसारखी ठोकलेली.

आण्णा मागच्या दारानं उतरले. पाठीवरची पट्टी काढून केबिनला लावली, सहा फूट. माझा टेप मागून लावला, सहा फूट सहा सूत. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. बोळ मोजला माझ्या टेपनं, केबिन बांधली आपल्या पट्टीनं. फुटाला एक सूत जास्त. पायरीवर बसले आणि बराच वेळ त्या पट्टीकडंच बघत राहिले.

माणसं म्हणाली, दोन सुतांचा तर प्रश्न आहे, मास्तरांच्या भिंतीचा गिलावा खरवडा, गाडी जातीय. मी भडकलो. शेवगा गेला, घरात पाणी आलं, आता भिंत? भिंतीला कुणी हात लावला तर आठवा अर्ज लिहीन म्हणून सांगितलं. आण्णा उठले. "भिंत मास्तरांची हाय, चूक माझी हाय," ते म्हणाले. "कापायची ती गाडी." सगळ्यांनी मिळून गाडी मागं ढकलली. या खेपेला मी ढकलायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवतीचा आवाज आला, तसा मी तावातावानं गेलो. आता आवाजाबद्दल भांडायचं होतं. डावी बाजू आत घेतली की डावीकडची सीट मावणार नव्हती, म्हणून त्यांनी ती सोडवून अंगणात उलटी ठेवली होती. पॅटर्नमेकर प्रत्येक पॅटर्नवर नाव घालतो, नाहीतर फौंड्रीत एकाचं दुसऱ्यात मिसळतं. सीटच्या तळाच्या फळीवर काळ्या रंगात अक्षरं होती. 'मास्तर. डावं. ९४.'

मी विचारलं, हे काय?

"तुमची सीट," ते म्हणाले, आणि करवत चालवत राहिले.

मी ती सुलटी केली आणि बसलो. पायाखाली एक फळी होती. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गाडीच्या सीटवर बसून माझे पाय टेकले. कंबरेला जिथं दुखतं तिथंच उशी. बाजूला एक उथळ खण, त्यात माझ्या शाळेतल्या ॲटलासच्या मापाची जागा. नळावरचं ते गुडघ्याचं माप मला आठवलं. अकरा वर्षं मी अर्ज लिहीत होतो आणि हा माणूस माझ्या रिटायर होण्याची वाट बघत गाडीला काहीबाही जोडत होता, नाहीतर एवढा वेळ काढायचा कसा?

"सांगायचं नाही का आण्णा?"

"सांगितलं असतं तर न्हाय म्हटला असता की."

"आणि आता ही सीट काढून जाणार कसे?"

त्यांनी करवत थांबवली. "मी एकटा कुठं जातोय? एकट्याला यष्टी हाय की, मास्तर."

मग मात्र मला खरा संताप आला. त्यांचा, माझा, त्या सात अर्जांचा. घरी गेलो आणि छन्नी-हातोडी कुठं आहे म्हणून ओरडलो. शालननं ती कट्ट्यावर काढूनच ठेवली होती, शेजारी माझा स्वेटर आणि बीपीच्या गोळ्या. मला त्या धुडात बसायला सांगू नका, मी सांगलीला लेकीकडं चालले, एवढंच म्हणाली.

मी माझ्या भिंतीचा गिलावा काढायला लागलो. हाताला सवय नाही, धूळ डोळ्यांत जात होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते काही नुसतं धुळीचं नव्हतं. मागं आण्णा पट्टी घेऊन येऊन उभे राहिले. दोन सूत निघालं, बास करा म्हणाले.

मी थांबलो नाही. आतली वीट उघडी पडेपर्यंत चांगला इंचभर गिलावा काढला.

"जरा वाढीव ठेवायचं," मी म्हटलं. "परत पण यायचंय की."