हाकेचं स्पेलिंग

बाळारामकाका लॅपटॉपला हात लावण्याआधी गिऱ्हाईकाला त्याच्या गावची देवी विचारतात. मग लहानपणी घरात काय म्हणायचे ते. मग कुत्रं पाळलंय का. नवीन माणसाला वाटतं, आपण चुकून पत्रिका दाखवायला आलो.

मानपाड्यात जिथे त्यांची भातशेती होती तिथे आता इमारत आहे, आणि तळमजल्यावरचा कोपऱ्यातला गाळा काकांनी स्वतःसाठी ठेवलाय. वरच्या घरांची भाडी येतात, काम करायची गरज नाही. धाकटा भाऊ येता-जाता टोमणा मारतो, "लोक जमीन इकून गाडी घेतात, दादानं सोल्डर गन घेतली!"

"गाडी कोनी पन चालवंल," काका मान वर न करता म्हणतात.

मी कॉम्प्युटर शिकते, तरी हे नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. बटण दाबल्यावर लॅपटॉप सगळ्यात आधी एका छोट्या चिपमधलं वाचतो. आपण कोण, आपल्यात काय काय बसवलंय, वगैरे. त्याला बायोस म्हणतात. ते बिघडलं की लॅपटॉप म्हणजे नुसता ठोकळा. काका त्या चिपला चिमटा लावतात, आतलं सगळं दोनदा वाचून घेतात, दोन्ही वाचनं जुळली तरच नवीन लिहितात. तोवर गाळ्यात कुणी शिंकलं तरी रागावतात.

एवढं करून गप्प बसतील तर शपथ. सुरू होताना कंपनीचं चिन्ह दिसतं ना, त्या जागी ते आपल्या शर्यतीच्या बैलाचा फोटो घालतात. आमच्या कॉलेजच्या एका मॅडमनी भर वर्गात प्रोजेक्टर लावला आणि भिंतीवर शिंगं रंगवलेला बैल उभा राहिला. मॅडम तक्रार करायला आल्या, तर काका म्हणाले, "कंपनीनं तुमचं मशीन जिवंत केलं का? मग तिचा फोटो कशाला?"

पण त्यांचं खरं वेड म्हणजे पासवर्ड. बायोसला पासवर्ड लावून तो विसरलेली माणसं त्यांच्याकडे येतात. चिमटा लावून तो पुसता येतो, फार वेळही लागत नाही. पण काका पुसत नाहीत. ओळखतात. "पुसायला काय, कोनी पन पुसंल. माणूस उघडा, मशीन आपोआप उघडतं."

त्यांचं म्हणणं, मराठी माणूस पासवर्ड मराठीतच ठेवतो, फक्त इंग्रजी अक्षरांत चुकवतो. घोडबंदर रोडवरून ट्रॅफिकमध्ये तापून आलेला एक साहेब हात जोडून म्हणाला, "काका, प्लीज, पुसून टाका."

"साहेब, घर तुमचं, कुलूप तुमचं, आणि खिडकीतून कशाला घुसता? देवी कोनती?"

साहेबांचा पासवर्ड लक्ष्मी निघाला, क्षच्या जागी नुसता एक्स. काका टाळी वाजवून ओरडले, "बस्स! माणूस उघडला!"

मग एकदा माझीच वेळ आली. पप्पा रिक्षा चालवतात. स्टँडवर कुणीतरी त्यांना सांगितलं, कॉलेजात लॅपटॉप चोरीला जातात, आतून कुलूप लावा. मी बाहेर गेले असताना पप्पांनी त्या माणसाला घरी आणून माझ्या लॅपटॉपला कुलूप लावलं. मला सुरक्षित वाटावं म्हणून. दुसऱ्या दिवशी माझी प्रोजेक्टची तोंडी परीक्षा, आणि प्रोजेक्ट फक्त आत.

"घाबरतेस काय, तुझंच नाव टाकलंय," पप्पा म्हणाले.

माझं नाव प्रज्ञा. आता ज्ञ इंग्रजीत लिहून दाखवा. डी-एन-वाय झालं, जी-वाय झालं, जे-एन झालं. तीन चुका झाल्या की मशीन अडून बसायचं, परत सुरू करायचं. शेवटी मी रडवेली होऊन काकांकडे गेले आणि पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले, "काका, आज ओळखू नका. पुसा."

त्यांनी लॅपटॉप चालू करून पडद्यावरची ओळ वाचली. "याच्यात डिस्कला पन कुलूप लावलंय गो. चिप पुसली तर मशीन उघडंल, तुझा प्रोजेक्ट नाय. बापाला बोलाव."

पप्पा रिक्षा बाहेर लावून आले.

"दादा, स्पेलिंग काय टाकलात?" काकांनी विचारलं.

"नावाला स्पेलिंग कसलं, काका? जसं म्हणतो तसं टाकलं. आता अक्षरं कुठली आठवायला."

काकांचे कान टवकारले. "कसं म्हनता?"

"प्रज्ञा."

"असं नाय. पोरगी गल्लीत हाय, जेवन थंड होतंय. हाक मारा."

पप्पा लाजले. इकडेतिकडे पाहिलं. मग असे ओरडले की समोरचा केळीवाला दचकला, "ए परदनेऽऽ!"

मी जमिनीत जायची बाकी होते. काकांनी एका बोटाने ती हाक टाइप केली. नाही. आरच्या पुढे आणखी एक ए घातला, आणि मशीन उघडलं.

"बघ," पप्पा मला म्हणाले, "मी सांगत होतो, नावच टाकलंय."

पप्पा भाडं मिळालं म्हणून निघून गेले. मी प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घेत होते. काकांनी टाळी वाजवली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. त्यांनी वरच्या फळीवरून कापडात गुंडाळलेला एक लॅपटॉप काढला.

"आमच्या घरातलीचा. बचत गटाचं काम करायची याच्यावर. एक दिवस कुलूप लावलं नि मला बोलली, एवढे मोठे मेकॅनिक ना तुमी, आता खोला." त्यांनी कापडाची घडी घातली. "मग आजारी पडली. हॉस्पिटलात पन विचारलं. नुसती हसली."

"पुसलं नाहीत?"

"आत काय, गटाच्या पापडांचे फोटो असतील. ते नको मला. मला तिचा शब्द पायजे. देव झाले, माहेर झालं, भाच्यांची नावं झाली. हाक नव्हती सुचली."

"त्या तुम्हाला काय हाक मारायच्या?" मी भीत भीत विचारलं.

"नाव कुठं घ्यायची ती." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "अवो." मग मान हलवली. "नाय, असं नाय. शेवटाला वर जायचा आवाज. त्याला किती ओ लावायचे?"

"परत एकदा मारून बघा ना, काका."

त्यांनी डोळे मिटले आणि स्वतःच्या जाड आवाजातून कसाबसा एक बारीक आवाज काढला, "अवोऽऽ!"

आणि, मला वाटतं त्यांच्याही नकळत, हळूच म्हणाले, "आलो."