जयतीर्थ मास्तरांचे बिनभिंतीचे घर

हुबळीत उन्हाळा दरवर्षी येतो, ही बाब विचारात घेऊन घर बांधणारे पहिले गृहस्थ म्हणजे जयतीर्थ मास्तर. १९३५ साली लॅमिंग्टन रोडच्या मागे त्यांनी जागा घेतली आणि नकाशा आखला: भक्कम खांब, वर कौले, मधे चौक, चारी बाजूंना वाळ्याचे पडदे. भिंत कुठेच नाही. पाळणा कुठल्या वाऱ्यात टांगायचा, तेही त्यांच्या पत्नी हेमावतीबाईंनी ठरवून ठेवले.

परवाने देणाऱ्या विठ्ठलरावांनी भर वैशाखात लोकरी कोटाची बटणे लावून नकाशा पाहिला.

"घर म्हणजे चार भिंती. हा मांडव झाला. लग्न कोणाचं?"

"माझं झालंय."

"मुलीचं?"

"ती पाळण्यात आहे."

"मग शारदा कायदा आडवा येतो," विठ्ठलराव खेदाने म्हणाले. "एक वाट आहे. धर्मशाळेला भिंती लागत नाहीत."

मास्तरांनी धर्मशाळा बांधली. कुटुंबाची नोंद 'यात्रेकरू' अशी झाली. यात्रेकरूंना सलग तीन रात्रींपलीकडे मुक्काम नाही. म्हणून पाळणा-पातेली उचलून मंडळी अळणावरला हेमावतीबाईंच्या माहेरी जात, आणि परतून पुन्हा यात्रेकरू होत. माहेरी कुजबुज सुरू झाली, "हिचं घरी काही बिनसलंय का?"

एकदा मंडळी परतली, तो चौकात जत्रेहून आलेल्या बिऱ्हाडांनी चुली मांडलेल्या. पाळण्याच्या जागी कोट उशाला घेऊन विठ्ठलराव पहुडले होते. कचेरी फार तापत असे.

"बर्री अक्का, बर्री, या," ते पडल्या पडल्याच म्हणाले. "आत जागा नाही. पायरीवर बघा."

हेमावतीबाईंनी मुलीला मास्तरांच्या हातात दिले. "गवंडी बोलवा. मला वारा नको, घर हवंय."

"अगं, पण शास्त्रीयदृष्ट्या..."

"गवंडी!"

भिंती उठल्या, परवाना लगोलग आला. घर वीटभट्टीसारखे तापू लागले. विठ्ठलरावांनी आत येऊन, घाम पुसत, नमुनेदार वास्तू म्हणून शेरा दिला. शेजारी मात्र नाराज झाले. पूर्वी मास्तरांच्या पानात काय पडते, ते रस्त्यावरून दिसे. आता माणसे शिष्ट झाली, असे त्यांचे मत पडले.

त्या संध्याकाळी दार लावून हेमावतीबाई मास्तरांना बरेच काही बोलल्या. काय, ते कळायला मार्ग नाही. शेजारी भिंतीला कान लावून उभे आहेत. जरा सरका म्हणावं त्यांना. तुम्हालाही ऐकायचंच आहे.