हद्दीवरचं कलम आणि अनुभवोत्तर पचन

मानवी जाणिवेच्या सीमा ओलांडणे ही एकविसाव्या शतकाची सर्वांत तातडीची गरज आहे, आणि ती रत्नागिरीत साठये यांच्या आंब्याच्या वखारीच्या माडीवर, दुपारी एक ते चार वगळून, भागवली जाते. (एक ते चार संचालक झोपतात. गरज तातडीची खरीच, पण झोप तिच्याहून जुनी.)

संस्थेचे पूर्ण नाव 'साठये अनुभवपूर्व सिद्धता व अनुभवोत्तर पचन केंद्र'. संचालक वेद श्रीपत साठये, वय बत्तीस. परदेशात माणसं विशिष्ट अळंब्या खाऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, विश्वाशी एकरूप होतात. एकरूप होण्याआधी मनाची मशागत करावी लागते, आणि परत आल्यावर तिकडे जे कळलं ते रोजच्या जगण्यात मुरवावं लागतं. या दोन्ही कामांचं रीतसर शिक्षण वेदने बंगळुरात राहून घेतलं होतं. मधल्या भागाला, म्हणजे खुद्द अळंब्यांना, आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. वेद कायदा पाळणारा मुलगा. तेव्हा केंद्राने आधीचं आणि नंतरचं तेवढं ठेवलं. मुंडावळ्या बांधून मिळतील, वरातही वाजतगाजत निघेल. लग्न ज्याचं त्याने कुठे लावायचं तिथे लावावं, आम्ही विचारणार नाही, असा एकूण व्यवहार.

रत्नागिरीने या उपक्रमाचं चांगलं स्वागत केलं. वर्षभरात सिद्धता विभागात त्रेसष्ट माणसं येऊन गेली. त्यांपैकी एकवीस खरोखरच आली होती. एकोणतीस जण, हा साठ्यांचा मुलगा माडीवर नेमकं करतो काय, ते बघायला आले, आणि उरलेल्या तेरांना वखार भाड्याने हवी होती. सिद्धतेसाठी आठवडाभर कुणाशी भांडायचं नाही, अशी अट होती. ती ऐकून एकवीसपैकी अठरा गळले. राहिलेल्या तिघांनी मनोभावे संकल्प सोडले. (एकाचा संकल्प असा होता की, शेजाऱ्यांचे नारळ आमच्या कौलांवर पडू नयेत.) पचन विभागात मात्र अजून एकही माणूस फिरकला नव्हता.

श्रीपतरावांनी, म्हणजे वेदच्या वडिलांनी, ही परिस्थिती काही काळ सहन केली. मग एके सकाळी दात घासता घासता त्यांनी निर्णय जाहीर केला.

"हे बघ वेद, फाल्गुनात आंबा उतरायला लागेल. मला पेंढ्यात आंबा पिकवायला, अढी घालायला, माडी लागत्ये. तोवर एक माणूस आणून दाखव, ज्याचं तुझ्या त्या पचनाने काही भलं झालंय. एकच. नाहीतर गाशा गुंडाळायचा."

"बाबा, चेतनेचं काम आंब्यासारखं नसतं."

"नाहीच. आंबा निदान पिकतो."

वेद रोज माडीवर गादी झटकून बसू लागला. फाल्गुन जवळ येत होता. मोहोर गळून कैऱ्या धरल्या होत्या.

आता या कथेत भरड धान्य येतं. श्रीपतरावांची साखर वाढली होती, आणि वेदच्या आई उल्काबाई यांनी सावर्ड्याच्या एका पौष्टिक आहार प्रदर्शनातून हरीक आणला. हरीक पूर्वी वरकस जमिनीत पिकायचा आणि ज्यांना तांदूळ परवडत नसे ते लोक तो खायचे. आता तांदूळ परवडणारे लोक खातात. पिशवीवर हृदयाचं चित्र होतं. कणसात भिजलेला हरीक चढतो, त्याने गुरंसुद्धा डोलायला लागतात, हे पिशवीवर नव्हतं. उल्काबाईंची त्या दिवशी चतुर्थी, वेदला भाताशिवाय चालत नाही. त्यामुळे ताक घालून दोन वाडगे हरीक श्रीपतरावांनी एकट्यानेच, आरोग्यासाठी, खाल्ला.

चारच्या सुमारास बागेत कामाला असलेला केरू धावत माडीवर आला.

"वेददादा, बेगीन चला. श्रीपतअण्णांनी कलमाला मिठी मारलानी, नि सोडीत नायत."

"कुठल्या कलमाला?"

"त्याच."

'त्याच' म्हटल्यावर वेदला चपला घालायचंही सुचलं नाही. श्रीपतराव आणि त्यांचे धाकटे बंधू जनार्दनराव यांच्या बागांमध्ये एक गडगा आहे, जांभ्या दगडांचा, आणि ऐन गडग्यात एक हापूसचं कलम आहे. बुंधा अर्धा इकडे, अर्धा तिकडे. त्यावरचा दावा वेदच्या जन्माआधीपासून चालू आहे. मूळचे वकील वारले, त्यांचे मुलगे वकील झाले. दोन्ही भावांच्या मुंजी, लग्नं, आजारपणं यांच्या तारखा घरात कुणाला आठवत नाहीत. दाव्याच्या सगळ्यांना आठवतात.

श्रीपतराव कलमाला कवटाळून उभे होते. डोळ्यांत पाणी. पलीकडे जनार्दनराव, खांद्यावर पंचा, तोंड उघडं.

"जनू," श्रीपतराव म्हणाले, "हे कलम म्हणजे मीच रे. आणि तूही तोच. मग दावा कुणी कुणावर लावायचा? घे. अख्खं कलम तुझं."

"दादा, तुला बरं नाही का?"

"मला इतकं बरं कधीच नव्हतं."

"वकिलांना विचारलंस का?"

"तेसुद्धा मीच आहे, जनू."

यावर जनार्दनराव मटकन गडग्यावर बसले. केरूसमोर, दोन शेजाऱ्यांसमोर श्रीपतरावांनी तीनदा "दिलं" म्हटलं आणि कलमाखालीच शांत झोपी गेले. वेद बोटांवर मोजू लागला. अहंकार विरघळणे, सर्व भूतमात्रांशी एकत्व, अश्रू, क्षमा: पुस्तकात दिलेली सगळी लक्षणं, पुस्तकात दिलेल्या क्रमाने, आणि तीही कायद्याचं एक कलम न मोडता! मग त्याच्या लक्षात आलं की, ते झाड पुढेमागे आपल्याला मिळायचं होतं, आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. (याला त्याने 'सहसंवेदना' असं नाव दिलं.)

दुसऱ्या दिवशी श्रीपतराव स्वच्छ जागे झाले. वाईट भाग असा की, त्यांना सगळं आठवत होतं. आंघोळ न करता ते माडीवर आले.

"शिंच्या, ते तुझं पचन म्हणतोस, त्यात झालेलं उलट करता येतं का?"

"बाबा, पचन म्हणजे उलट करणं नव्हे. जे कळलं ते जगण्यात उतरवायचं."

"म्हणजे कलम द्यायचं?"

"म्हणजे..." वेदने गादी झटकली. "आधी बसा तर."

इथे एक तांत्रिक अडचण आली. श्रीपतरावांनी अनुभव घेतला होता, पण सिद्धता केलीच नव्हती, आणि नियमानुसार सिद्धतेशिवाय पचनात प्रवेश नाही. केंद्राने यातून मार्ग काढला. श्रीपतरावांची सिद्धता पूर्वलक्षी प्रभावाने करण्यात आली. काल जेवणापूर्वी आपला संकल्प काय असता, असं विचारल्यावर "साखर उतरावी" असं उत्तर मिळालं, आणि ते ग्राह्य धरण्यात आलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. जनार्दनराव. रात्रभर झोपलेले नव्हते.

"वेद, मलाही बसव तुझ्या गादीवर."

"काका, तुम्ही काय खाल्लंत?"

"काही नाही. पण दादा माझ्याशी गोड बोलला. मला ते सोसत नाहीये रे." ते श्रीपतरावांकडे वळले. "मिटवायचंच होतं तर मला विचारून मिटवायचंस! एवढी वर्षं दोघांनी मिळून चालवला दावा. आणि मोठेपणा तू एकट्याने घेऊन गेलास? मी तारखेला इस्त्रीचा सदरा घालतो. आता तो घालून जाऊ कुठे? देवळात?"

"मग मी तरी काय करू? साक्षीदारांसमोर बोलून बसलोय."

दोन्ही भावांनी वेदकडे पाहिलं. एवढ्या आशेने त्या माडीवर आजवर कुणी पाहिलं नव्हतं. परत घ्या म्हणावं, तर अनुभवाचा अपमान होऊन केंद्राला अर्थ उरत नव्हता. द्या म्हणावं, तर कलम जात होतं, आणि ज्याचं कलम गेलं त्याने आपलं भलं झाल्याचं सांगितल्याचं उदाहरण रत्नागिरीत नाही. म्हणजे माडीही जात होती. वेदने डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि बंगळुरात शिकलेल्या विद्येला स्मरून विचारलं,

"बाबा, त्या क्षणी 'मी' म्हणून कुणी वेगळा उरला होता का तुमच्यात?"

"छे. कुणीच नाही. नुसता उजेड."

"नक्की?"

"अरे, सांगतायत ना ते, गळ्याशपथ!" जिन्यावरून उल्काबाई म्हणाल्या. त्या चहा घेऊन आल्या होत्या आणि कितीतरी वेळ आत येत नव्हत्या.

"मग कलम दिलं कुणी?" वेद म्हणाला. "देणारा तर जागेवर नव्हता. आणि काका, बाबांच्या म्हणण्याप्रमाणे तुम्हीही नव्हतात. म्हणजे जो नव्हता त्याने, जो नव्हता त्याला, जे त्याच्याहून वेगळंच नव्हतं ते दिलं. याला दान कसं म्हणायचं?"

दोघा भावांनी ते ओठांत एकदा पुटपुटून पाहिलं. मग श्रीपतरावांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या दहावीच्या निकालानंतर ही पहिलीच.

"शिकलास रे!"

"म्हणजे दावा चालू?" जनार्दनराव पुढे सरकले.

"चालू."

दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. उल्काबाईंनी चहा पुन्हा गरम केला. पुढच्या तारखेला एकाच रिक्षाने जायचं ठरलं, कारण पेट्रोल महागलं आहे आणि शेवटी सगळं एकच आहे.

श्रीपतराव शब्दाला पक्के. अढी यंदा त्यांच्या स्वतःच्या खोलीत घातली आणि माडी केंद्राकडे राहिली. बातमी पूर्णगडपर्यंत पोचायला आठवडा पुरला. आता पचन विभागात जागा मिळत नाही. कुणी बहिणीच्या लग्नात भरल्या गळ्याने जमीन कबूल करून बसलेला, कुणी मरणाऱ्या मामाच्या उशाशी भलतंच वचन दिलेला, कुणी देवाच्या पालखीपुढे वैऱ्याला मिठी मारलेला. शंभरातली अठ्ठ्याण्णव माणसं एका बैठकीत पूर्ववत होतात. (उरलेली दोन चांगली राहिली. त्यांना पुढच्या उपचारांसाठी मुंबईला पाठवलं आहे.)

वाचक हसले असतील. हसावं. पण तुम्हालाही एखाद्या संध्याकाळी, हरीक न खाता, सगळं आणि सगळे आपलेच आहेत असं लख्ख वाटून गेलं असेल, आणि ज्याच्याशी बोलत नाही त्याला फोन लावायला हात पुढे झाला असेल. आणि मग तुम्ही चहा टाकलात. म्हणजे तुमचं पचन घरच्या घरी, विनाशुल्क झालेलं आहे. तुम्हाला केंद्राची गरज नाही. तरीही नुसतं बघायला म्हणून तुम्ही याल, हे संचालक धरूनच आहेत. अवश्य या. जिन्याखाली हल्ली फार गर्दी असते, तेव्हा जाताना तेवढ्या चपला आपापल्या बघून घाला.