रिळातली छाती

"माजा दोन वर्सांमागचा छातीचा फोटू कुठं हाय?" वरकुट्याच्या गेणबानं विचारलं. बारामतीच्या दवाखान्यातला कारकून हिंदुराव हसला आणि त्यानं मुठीएवढं फिल्मचं रीळ पुढं धरलं.

"हितं. गेल्या सालापतूरचे समदे फोटू बारीक करून ह्यात घातल्यात. चार कपाटं रिकामी झाली!"

"समद्यांच्या छात्या?"

"व्हय. आठशे."

गेणबानं रिळाकडं नेलेला हात मागं घेतला. फुप्फुसावरचा डाग गेला असेल, तरच त्याला मळ्यातली खोप सोडून घरी राहता येणार होतं. दोन वर्षं बायको बनाबाई भाकरी दुरूनच ठेवून जाई. आज तीही आली होती, पण बाहेर अंगणात लांबच उभी होती. सकाळी नवा फोटो काढला होता. आता जुन्याशी ताडून बघायचं होतं.

नंबर शोधायला हिंदुराव उजेडात, दारापाशी आला आणि रीळ हातातून निसटलं. पायऱ्या उतरत, उलगडत ते थेट अंगणातल्या लिंबाखाली गेलं. तिथं रोग्यांची रांग होती; तिच्यातला म्हस्कू उचलायला धावला.

"पाय दिऊ नगंस!" गेणबा ओरडला. "मानसं हायती ती!"

म्हस्कू एका पायावरच थांबला. साऱ्या रांगेनं वहाणा काढल्या. कुणी धूळ पुसायला धोतराचा सोगा पुढं केला, तसा हिंदुराव किंचाळला, "चरा पडंल! नुसतं कडंला धरा!"

मग पन्नासेक माणसं रीळ चिमटीत धरून उभी राहिली. ओळ पार फाटकापर्यंत गेली. कुणी खोकलं की बाकीचे डोळे वटारत.

"माज्यापाशी कोन हाय?" म्हस्कूनं हळूच विचारलं. जणू हाती तान्हं लेकरू दिलं होतं.

डॉक्टर ओरडतच बाहेर आले. पण ती ओळ बघून त्यांचाही आवाज खाली आला. भिंग घेऊन ते एकेक नंबर वाचत चालले. गेणबाचा सापडला, तो बनाबाईच्या चिमटीत. दोन वर्षांत ती त्याच्या छातीच्या इतकी जवळ आली नव्हती.

अंधाऱ्या खोलीत यंत्रानं ती छाती भिंतीवर पाडली. एकेक बरगडी बैलगाडीच्या जुवाएवढी! डॉक्टरांनी वरचा डाग दाखवला, मग आजचा फोटो दिव्यासमोर धरला. तिथं डाग नव्हता.

"जा घरी," ते म्हणाले.

बनाबाईला ते ऐकूच आलं नाही. ती भिंतीकडं बघत होती. "अवं, येवडं समदं तुमच्यात हाय?"

गेणबानं भिंतीवरच्या आपल्या छातीकडं एकदा बघितलं. उठला, आणि दारात अडकायला नको म्हणून अंग तिरपं करून बेतानं बाहेर पडला.